गाण्याने जागृती होते, म्हणजे नक्की काय होतं?

पेटची परीक्षा झाली की विद्यार्थी संशोधन आराखडा लिहायला बसतात, आणि मग मेसेज येतात. त्यांतला एक विषय दरवर्षी थोड्याफार फरकाने येतोच: "लोकप्रिय गाण्यांमुळे कौटुंबिक हिंसाचाराविषयी होणारी जनजागृती : एक अभ्यास". सोबत प्रश्न असतो, "ताई, प्रश्नावली कशी तयार करू?"

मी उलट विचारते, जागृती म्हणजे काय ते आधी एका वाक्यात सांगा. बहुतेक जण तिथेच अडतात. मीही अडले होते, म्हणून आज त्यावरच लिहिते आहे.

माझी पहिली प्रश्नावली

माझं एमएस्सी सांख्यिकीत झालं. पीएचडीत मी आरोग्याच्या आणि सामाजिक मोहिमांचा परिणाम मोजायच्या पद्धतींवर काम करते. आकडे हाताळता येतात म्हणजे प्रश्नही विचारता येतात, असा माझा तेव्हा समज होता. भामरागडजवळच्या एका गावात मी कच्ची प्रश्नावली तपासून बघायला गेले. मोबाइलवर एक गाणं ऐकवायचं आणि मग दहा प्रश्न. शेवटचा प्रश्न होता, "हे गाणं ऐकून तुमच्यात जागृती झाली का?"

जवळपास सगळ्या बायांनी "हो" सांगितलं. मी खूश. परत येताना सोबतच्या आशाताई म्हणाल्या, "मॅडम, त्या तिसऱ्या घरी तिचा नवरा दारातच बसून होता न. ती दुसरं काय सांगनार?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडूनच कळलं, की आम्ही गेल्यावर नवऱ्याने तिला बसवून विचारलं होतं, मॅडमने काय विचारलं, तू काय सांगितलं, आणि तुलाच का विचारलं. मार बसला नाही. पण बसला असता, आणि त्याला माझा कागद कारण झाला असता.

ती प्रश्नावली मी बाजूला ठेवली. तिच्यात दोन चुका होत्या. "जागृती झाली का?" या प्रश्नाला "हो" हे सभ्य उत्तर आहे, त्यातून काहीच मोजलं जात नाही. दुसरी चूक जास्त गंभीर होती. ज्या गोष्टीपासून बाईला वाचवायचं, तीच गोष्ट माझ्या अभ्यासामुळे तिच्यावर आली असती. आधी पहिली चूक बघू.

एक शब्द, चार वेगळ्या गोष्टी

"जागृती" या शब्दात आपण किमान चार गोष्टी कोंबतो.

पहिली, माहिती. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, त्यात फक्त मारहाण नाही तर मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही येतो, संरक्षण अधिकारी नावाचा माणूस असतो, १८१ हा हेल्पलाइन नंबर आहे, हे माहीत असणं.

दुसरी, मत. नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे की नाही? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा प्रश्न सरळ विचारत नाहीत. सात प्रसंग देतात: न सांगता बाहेर गेली, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष केलं, उलटून बोलली, स्वयंपाक नीट केला नाही, असे. प्रत्येक प्रसंगात मारणं बरोबर आहे का, ते विचारतात. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी किमान एका प्रसंगात "हो, बरोबर आहे" असं सांगितलं. स्त्रियांचा आकडा पुरुषांपेक्षा कमी नाही, हे लक्षात ठेवा.

तिसरी, बोलणं. त्याच फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा सहन केल्याचं सांगितलं. पण हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कुणाची तरी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्क्यांच्या आसपास होत्या.

चौथी, कृती. शेजारी दार वाजवतात का, माहेरचे घ्यायला येतात का, आणि शेवटी मारहाण कमी होते का.

या चारही गोष्टी एकत्र हलतील असं नाही. एखाद्या गाण्याने माहिती वाढेल पण मत तसंच राहील. मत तसंच राहून बोलणं वाढेल, असंही होतं. त्याचं उदाहरण पुढे देते. म्हणून "जागृती मोजणार" असं आराखड्यात लिहू नका. यांतलं कोणतं मोजणार ते लिहा.

तीन प्रकारची गाणी

आता गाण्यांकडे येऊ. "गाणं" हाही एकच पदार्थ नाही.

जात्यावरच्या ओव्या घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा ओव्या गोळा केल्या. हा संग्रह एक लाखाच्या पुढे आहे आणि आता 'पारी' या संस्थेच्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येतो आहे. त्यात माहेर आहे, भाऊ आहे, सीतेचा वनवास आहे, तसा सासुरवासही आहे. पहाटे दोघी-तिघी जात्याशी बसून जे गायच्या, ते दिवसा ओसरीवर बोलायची सोय नव्हती. नाव घ्यायचं नाही, तक्रार करायची नाही, पण सीतेचं म्हणून आपलं सांगायचं. इथे गाण्याने नवी माहिती दिली नाही, बोलायला आडोसा दिला. गिरणी आली, जातं गेलं, आणि तो आडोसाही गेला.

दुसरा प्रकार नाट्यगीतांचा. राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. गडकरी त्याआधीच गेले होते, पदं वि. सी. गुर्जर यांनी रचली. बालगंधर्वांची सिंधू बघून प्रेक्षक रडत. दारुड्या नवऱ्यापायी घर कसं उद्ध्वस्त होतं, हे या नाटकाइतकं लोकांपर्यंत फार थोड्या गोष्टींनी पोचवलं असेल. आपल्या भागात झाडीपट्टीच्या नाटकांना दिवाळीनंतर रात्र-रात्र गर्दी होते, त्यांतही दारू आणि संसार हा विषय हमखास असतो. पण सिंधू काय करते? सोसते, आणि शेवटपर्यंत नवऱ्यावर दोष येऊ देत नाही. प्रेक्षकाच्या मनात तिच्याविषयी कळवळा येतो, आदर येतो, आणि सोबत हेही येतं की चांगली बाई बोलत नाही. म्हणजे सहानुभूती वर गेली आणि बोलणं खाली गेलं, असं एकाच गाण्याने होऊ शकतं. हा परिणाम खरोखर होतो का, हे तपासण्यासारखं गृहीतक आहे. कुणी घ्या, मला आनंद होईल.

तिसरा प्रकार मोहिमेसाठी मुद्दाम केलेल्या गाण्यांचा. 'ब्रेकथ्रू' या संस्थेचा 'मन के मंजीरे' हा अल्बम २०००-०१ च्या सुमारास आला. शीर्षकगीत शुभा मुद्गल यांनी गायलं, शब्द प्रसून जोशींचे, संगीत शंतनू मोइत्रांचं. व्हिडिओत मीता वसिष्ठ ट्रक चालवतात. छळाचं लग्न सोडून गाडी चालवायला लागलेल्या अहमदाबादच्या एका स्त्रीवरून ती कल्पना सुचली होती. संगीत वाहिन्यांवर हे गाणं फिल्मी गाण्यांच्या रांगेत वाजलं. त्यात उपदेश नाही, दृश्य आहे: बाहेर पडलेली बाई कशी दिसते, तर अशी दिसते. याच संस्थेने २००८ मध्ये 'बेल बजाओ' मोहीम काढली. त्यात पीडितेला काही करायला सांगितलं नव्हतं. शेजाऱ्याला सांगितलं होतं, आवाज ऐकू आला तर बेल वाजव. कायद्याच्या चौथ्या कलमाशी हे जुळतं: हिंसा होते आहे असं वाटायला कारण असेल तर कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर त्याची जबाबदारी येत नाही.

आडोसा, कळवळा, वाट. तीन गाणी, तीन वेगळी कामं. "लोकप्रिय गाणी" असा एकच गठ्ठा करून सरासरी काढली तर हे तिन्ही परिणाम एकमेकांना खाऊन टाकतील आणि तुम्ही लिहाल, "परिणाम आढळला नाही".

एकट्याने ऐकलेलं आणि सगळ्यांनी मिळून ऐकलेलं

आता मला या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा.

गावात कोणाच्या घरी मारझोड होते, हे गावाला माहीत नसतं का? कुडाच्या भिंतीतून आवाज लपत नाही. प्रत्येकाला माहीत असतं. पण "मला माहीत आहे हे दुसऱ्यालाही माहीत आहे, आणि त्यालाही हे चुकीचं वाटतं" याची खात्री कोणालाच नसते. म्हणून सगळे गप्प. याला सामायिक ज्ञानाचा अभाव म्हणता येईल.

मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात सान बार्तोलोमे कियालाना या आदिवासी गावात एरिक आरियास या संशोधकाने हे तपासलं. स्त्रियांवरील हिंसेविरुद्धची एक रेडिओ मालिका काहींना सीडीवर एकेकट्याने ऐकवली, काहींना सगळ्यांसोबत. मजकूर तोच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाचा निष्कर्ष असा, की एकट्याने ऐकलेल्यांवर फारसा परिणाम दिसला नाही. इतरही ऐकत आहेत हे ज्यांना माहीत होतं, त्यांच्यात हिंसेला नकार वाढला. बदल मजकुराने झाला नाही, सोबत ऐकल्याने झाला.

दुसरा अभ्यास युगांडाचा. डोनाल्ड ग्रीन, ॲना विल्के आणि जॅस्पर कूपर यांनी ११२ गावांत सिनेमाच्या खेळांमध्ये छोटे माहितीनाट्यपट दाखवले. काही महिन्यांनी पाहिलं तर हिंसेविषयीची मतं जवळपास होती तशीच. पण स्त्रिया हिंसेविषयी सांगायला जास्त तयार होत्या, कारण सांगितलं तर लोक चुगलखोर म्हणतील ही भीती कमी झाली होती. घरात हिंसा झाल्याचं सांगणाऱ्या स्त्रियांचं प्रमाणही कमी भरलं. मत न बदलता बोलणं बदललं. संशोधकांनी फक्त मत मोजलं असतं, तर मोहीम वाया गेली असाच निष्कर्ष निघाला असता.

हे दोन्ही अभ्यास गाण्यांवर नाहीत. पण गाण्याला तर एकत्र ऐकण्याची आणि एकत्र म्हणण्याची सवय आधीपासूनच आहे. इथे भामरागड डोळ्यांसमोर आणा.

भामरागडमध्ये आराखडा कसा असेल?

आधी एक गोष्ट. भामरागड घेतलं म्हणजे तिथे मारहाण जास्त होते, असं समजू नका. वरचे आकडे पूर्ण देशाचे आहेत. भामरागड घेतलं, कारण पुण्या-मुंबईत लिहिलेला आराखडा इथे कुठे-कुठे तुटतो ते लगेच दिसतं.

भाषा. तालुक्यात माडिया बोलली जाते. "कौटुंबिक हिंसाचार" हा शब्द मराठी घरातही कोणी बोलत नाही, मग माडियात तो शब्दशः उलटवून काय मिळणार? माडियांमध्ये रेला गाण्यांची परंपरा आहे, हातात हात घेऊन समूहाने नाचत-गात म्हणायची. हिंदी व्हिडिओ मोबाइलवर दाखवणं आणि गावातल्याच मुलींनी रचलेलं गाणं सगळ्यांनी मिळून म्हणणं, यांची तुलना हाच खरा अभ्यास होईल.

गट. गावं चिठ्ठ्या टाकून तीन गटांत वाटा. एका गटात गाणं मोबाइलवर एकेकट्याने, दुसऱ्यात चौकात सगळ्यांसोबत, तिसऱ्यात दुसऱ्याच विषयाचं गाणं. तिसऱ्यासाठी मच्छरदाणी आणि मलेरियाचं गाणं चांगलं, इथे तो प्रश्न खरा आहे. "काहीच नाही" असा गट ठेवलात, तर फरक गाण्याचा की पाहुण्या माणसांनी येऊन गंमत केल्याचा, ते कळणार नाही.

नमुना. माणसं नव्हे, गावं वाटली आहेत हे विसरू नका. एका गावातली माणसं एकमेकांसारखी उत्तरं देतात. समजा २० गावांतून प्रत्येकी ३० माणसं, म्हणजे ६०० जण घेतले, आणि गावातल्या उत्तरांचा आपसातला सहसंबंध ०.०५ आहे. मग वाढीचा गुणक १ + (३० − १) × ०.०५ = २.४५. म्हणजे तुमचे ६०० जण प्रत्यक्षात २४५ इतकेच मोलाचे. माणसं वाढवण्यापेक्षा गावं वाढवा. गावं वाढवायची म्हणजे पायपीट वाढते, ते वेळापत्रकात धरा.

वेळ. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. मोहफुलं उन्हाळ्याच्या तोंडाला पडतात. पहिली पाहणी एप्रिलमध्ये आणि दुसरी सप्टेंबरमध्ये केलीत, तर मधल्या काळात हाताशी असलेला पैसा, दारू, काम, सगळंच बदललेलं असतं. "आधी आणि नंतर" एवढ्याच तुलनेवर विसंबू नका. तुलनेचा गट त्याच दिवसांत मोजा.

इतर कारणं. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि २०१६ पासून 'मुक्तिपथ' हा दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रम चालतो. एखाद्या गावात मारझोड कमी झाली, तर ती गाण्याने, की गावातल्या बायांनी दारूविक्री बंद पाडल्यामुळे? प्रत्येक गावाची ही नोंद सुरुवातीलाच करून ठेवा.

गळती. चांगलं गाणं गावात थांबत नाही. आठवडी बाजारात एका मोबाइलवरून दुसऱ्यावर जातं. एकाच बाजाराला येणारी गावं वेगवेगळ्या गटांत टाकलीत, तर बुधवारपर्यंत तुमचा तुलनेचा गटही तेच गाणं गुणगुणत असेल.

मोजमाप. स्वतःविषयी विचारू नका, गोष्ट सांगून विचारा. "एका गावात एक बाई आहे. नवरा पिऊन येतो, हात उचलतो. तिने कोणाला सांगावं का? शेजारणीने काय करावं?" आणि मग तितकाच महत्त्वाचा प्रश्न: "तुमच्या गावातले बाकीचे लोक काय म्हणतील?" सामायिक ज्ञान बदललं की नाही, ते या शेवटच्या प्रश्नात सापडतं.

आणि आता दुसरी चूक

आता ती तिसऱ्या घरातली बाई.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये कौटुंबिक हिंसेवरील संशोधनासाठी नैतिक आणि सुरक्षेच्या सूचना प्रसिद्ध केल्या. मी त्या नंतर वाचल्या, तुम्ही आधी वाचा. सार सोपं आहे. एका घरातून एकाच स्त्रीशी बोलायचं. पूर्ण एकांत मिळाल्याशिवाय हिंसेचे प्रश्न काढायचेच नाहीत. अभ्यासाचं नाव गावात "हिंसाचार सर्वेक्षण" असं सांगायचं नाही, "स्त्रियांचं आरोग्य आणि जीवन" असं काही सांगायचं. मध्येच कोणी आलं तर लगेच दुसऱ्या विषयावर जाता येईल असे प्रश्न तयार ठेवायचे. माझ्याकडे आता जेवणाखाण्याचे सहा प्रश्न असतात. आणि बाईने मदत मागितली तर कुठे पाठवायचं, ते गावात पाय ठेवण्याआधी ठरलेलं हवं.

हा शेवटचा मुद्दा गाण्यालाही लागू होतो. गाणं म्हणतं, "बोल". बाई बोलली. पुढे? संरक्षण अधिकारी कुठे बसतात, पावसाळ्यात तिथपर्यंत रस्ता असतो का, १८१ लावायला गावात नेटवर्क आहे का, जवळच्या दवाखान्यात जखमेची नोंद नीट होते का? गाण्याने दाखवलेल्या वाटेच्या शेवटी दार उघडं नसेल, तर बाई बोललेली राहते आणि घरीही परत जाते. असं गाणं लोकप्रिय झालं तर त्याचा खर्च ती भरते. म्हणून तुमच्या आराखड्यात परिणामांच्या तक्त्यात एक रकाना नुकसानीचाही असू द्या: गाण्यानंतर कोणावर राग निघाला का, कोणाचं बाहेर जाणं बंद झालं का. आणि तसं दिसायला लागलं तर अभ्यास कधी थांबवायचा, तेही आधीच लिहून ठेवा.

तुमच्यासाठी काम

पुढच्या आठवड्यात गाईडला भेटायला जाण्याआधी एका कागदावर पाच ओळी लिहा. कोणतं गाणं. ते काय करतं: आडोसा देतं, कळवळा आणतं की वाट दाखवतं. कोण ऐकतं, एकट्याने की सगळ्यांसोबत. चारपैकी नेमकं काय बदलेल. आणि बदललं तर ती बाई जाईल कुठे.

पाचवी ओळ लिहिता आली नाही तर प्रश्नावली छापू नका. आधी तिथल्या आशाताईंकडे जाऊन बसा. मी पुन्हा गेले तेव्हा तेच केलं. दोन दिवस एकही प्रश्न विचारला नाही. तिसऱ्या दिवशी त्याच म्हणाल्या, "मॅडम, त्या घरी नवरा नाही आज, बाजाराला गेला. पण आजही नका जाऊ. ती नदीवर येते धुणं घेऊन, तिथं भेटा, आणि गाण्याचंच बोला, बाकीचं ती सांगायचं तर सांगल."

मी गेले. आम्ही गाण्याविषयीच बोललो. तिने बाकीचं काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्या दिवशीच्या वहीत फक्त एवढीच नोंद आहे, की गाण्यातली एक ओळ तिला चुकीची वाटते आणि ती बदलून म्हणायला हवी. ती तिने बदलून म्हणून दाखवली.